स्वभावाला औषध नाही, ध्येयाला मात्र आहे

पावसाळा सरत आला की ओपीडीत एक ठराविक गर्दी सुरू होते. कुणाची नडगी दुखते, कुणाला सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, कुणी गुडघा धरून येतं. बहुतेकांनी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी किंवा तशाच एखाद्या शर्यतीसाठी नाव नोंदवलेलं असतं. तपासून झालं की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "हे अंतर आणि ही वेळ कुणी ठरवली?"

उत्तरं ठरलेली. ग्रुपमधल्या सगळ्यांनी नाव दिलं. ऑफिसमध्ये साहेब पळतात. मेव्हण्याने गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत मारली. कोच म्हणाले, हाफ झाली, आता फुल करायची. "मी विचार करून ठरवलं" असं उत्तर देणारा क्वचितच भेटतो.

माझं म्हणणं साधं आहे. ध्येयाचा आकडा शरीराला विचारून ठरवावा आणि ध्येयाचा प्रकार स्वभावाला विचारून. आपल्याकडे दोन्ही गोष्टी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला विचारून ठरतात. त्याची किंमत हाडं, किडन्या आणि क्वचित हृदयही मोजतं. दुसरी किंमत डोळ्यांना दिसत नाही, पण ती जास्त मोठी आहे. एक मॅरेथॉन कशीबशी पूर्ण करून बूट कायमचे माळ्यावर टाकणारी माणसं मी दरवर्षी पाहतो. मेडल भिंतीवर, मधुमेह शरीरात.

४२.१९५ या आकड्यात वैद्यकीय असं काहीच नाही

आधी आकड्यांची पूजा थांबवू. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच का? मानवी शरीराची ती काही नैसर्गिक मर्यादा नाही. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपली. ते अंतर तेवढं भरलं. पुढे १९२१मध्ये तेच अधिकृत झालं. म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीने ठरलेलं अंतर आज ठाण्याच्या अकाउंटंटच्या गुडघ्यावर लादलं जातंय.

वेळेचंही तसंच. हाफसाठी दोन तास, फुलसाठी चार तास. का? कारण आकडा गोल आहे. जवळपास एक कोटी मॅरेथॉन निकालांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा अलीकडे धावपटूंची दाटी होते आणि पलीकडे एकदम विरळ होते. ३ तास ५९ मिनिटांत येणाऱ्याचं हृदय ४ तास १ मिनिटात येणाऱ्याच्या हृदयापेक्षा निरोगी असतं असं मुळीच नाही. तरीही त्या दोन मिनिटांसाठी माणसं काय काय करतात! दुखऱ्या पायाने पळतात, शर्यतीच्या सकाळी पेनकिलर घेतात, आदल्या आठवड्यातला ताप लपवतात.

गैरसमज नको. मॅरेथॉन ही खलनायक नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीच्या वेळी किंवा ती संपल्यावर लगेच बंद पडलं. हे प्रमाण फार कमी आहे. नीट तयारी केलेल्या निरोगी माणसासाठी पळणं सुरक्षित आहे. माझं भांडण पळण्याशी नाही, उसन्या ध्येयाशी आहे.

पण ती प्रश्नावली नको

"स्वभावानुसार ध्येय" म्हटलं की लगेच कुणीतरी मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी पाठवतं. उत्तरं द्या, चार इंग्रजी अक्षरं मिळतील, त्यावरून तुमचा खेळ ठरवा! हाही तितकाच फसवा उद्योग आहे.

चार अक्षरांची ती प्रसिद्ध चाचणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका अमेरिकन मायलेकींनी तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांची अक्षरं बदलतात. रक्तगट असा महिन्याभरात बदलला असता तर तुम्ही त्या लॅबमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं असतं का?

आम्हा डॉक्टरांचाही पूर्वेतिहास फार उजळ नाही. १९५०च्या दशकात फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी "टाइप ए" माणसाची कल्पना मांडली. घाईचा, स्पर्धेचा, सतत घड्याळाकडे पाहणारा माणूस, आणि त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा आख्खा "टाइप" काही टिकला नाही. त्यातला राग आणि वैरभाव एवढ्याच भागाचा हृदयाशी काहीसा संबंध दिसत राहिला. तरी आजही लोक अभिमानाने सांगतात, "डॉक्टर, मी टाइप ए आहे." जणू काही पदवीच!

स्वभाव डब्यांत बसत नाही. आज मानसशास्त्र पाच गुणांच्या पट्ट्या मानतं. शिस्त, बहिर्मुखता, नावीन्याची ओढ, जुळवून घेण्याची वृत्ती आणि काळजी करण्याची प्रवृत्ती. प्रत्येक पट्टीवर प्रत्येक माणूस कुठेतरी असतो. बहुतेक जण मधेच कुठेतरी. मोठेपणी या जागा बऱ्यापैकी स्थिर राहतात, सरकल्या तरी सावकाश सरकतात. "स्वभावाला औषध नाही" असं आपली आजी म्हणायची, ते फारसं चुकीचं नव्हतं. पण औषध ध्येयाला देता येतं. त्याचा प्रकार बदलता येतो, डोस बदलता येतो. आणि त्यासाठी चाचणी लागत नाही. गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय सुरू केलंत, काय टिकलं आणि काय का सुटलं, एवढं आठवलं तरी पुरतं.

पैकीच्या पैकीवाले

ही माणसं शाळेत ९८ टक्के मिळाले की दोन कुठे गेले म्हणून रडलेली असतात. यांना सोळा आठवड्यांचा तक्ता दिला की एकही रविवार चुकत नाही. कोचची लाडकी मंडळी. माझ्याकडेही सगळ्यात जास्त हीच येतात.

कारण यांना थांबता येत नाही. हाडावर वारंवार ताण पडला की आधी बारीक इजा होते. विश्रांती मिळाली की हाड ती भरून काढतं. विश्रांतीच मिळाली नाही तर तिथे तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल आणि दर धावेला जास्त दुखत असेल, तर ते "मसल टाइट झालाय" म्हणून सोडून देऊ नका. याच गटातल्या तरुण मुली आणखी एक गोष्ट लपवतात. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी अनियमित होते किंवा बंदच पडते. "बरं झालं, कटकट गेली" असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात शरीराने ऊर्जेअभावी एक खातं बंद केलेलं असतं, आणि पुढचा नंबर हाडांचा असतो.

यांना "अजून जोर लावा" म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं. यांचं ध्येय कमाल मर्यादेच्या भाषेत असावं. आठवड्यात चारच दिवस पळायचं, पाचवा दिवस मोडला तर नापास. दुखलं तर थांबायचं, आणि थांबलात तर त्या दिवशीचे गुण पूर्ण. गंमत म्हणजे शिस्त यांच्या अंगातच असल्याने विश्रांतीही ते इमानेइतबारे करतात. फक्त ती तक्त्यात लिहिलेली हवी.

काळजीवाले

यांच्या मनगटावरचं घड्याळ दिवसभर बोलत असतं. झोप ६८ गुण, नाडी ९ ने जास्त, "रिकव्हरी" लाल. पळायला जाण्याआधीच माणूस घामाघूम. अशा माणसाला वेळेचं ध्येय देणं म्हणजे त्याच्या काळजीला रोजगार देणं.

काळजीवाला माणूस सूचना नको इतक्या काटेकोरपणे पाळतो. "भरपूर पाणी प्या" म्हटलं की प्रत्येक टेबलावर थांबून दोन ग्लास. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं. धावताना ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा ज्यांनी जास्त द्रव प्यायला होता, त्यांना हा धोका मुख्यतः होता. सोडियम फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आणि बाहेरून माणूस "डिहायड्रेट" झाल्यासारखाच दिसतो, म्हणून कुणीतरी त्याला आणखी पाणी पाजतं!

यांच्यासाठी घड्याळाविना ध्येय चांगलं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने ४० मिनिटं. रस्ता ओळखीचा. पाणी तहान लागेल तसं. शर्यत करायचीच तर "पूर्ण करणं" एवढंच ध्येय, आणि निकालाची वेळ दुसऱ्या दिवशी पाहायची.

गोतावळ्याची माणसं आणि एकटी माणसं

काहींना माणसं लागतात. त्यांना एकट्याने ट्रेडमिलवर उभं करणं ही शिक्षा आहे. त्यांचं ध्येय माणसांशी बांधा. दर रविवारी तीन मित्रांबरोबर दहा किलोमीटर, मग वेग कितीही असो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर वारकरी अडीच-तीन आठवड्यांत चालतात. त्यात पहिला नंबर कुणाचा असतो? कुणाचाच नाही. तरी वर्षानुवर्षं लाखो पावलं पुन्हा तीच वाट धरतात, आणि त्यांत सत्तरीची माणसंही असतात. सहनशक्तीच्या खेळात माणसाला कशाने टिकवता येतं हे शिकायला परदेशी जायची गरज नाही.

मात्र या मंडळींचा धोकाही ग्रुपच. गप्पांच्या ओघात हे दुसऱ्याच्या वेगाने पळतात. नवख्याने ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग धरावा.

उलट काहींना पहाटे पाच वाजता पंचवीस जणांनी आरोळ्या ठोकल्या की घरी परत जावंसं वाटतं. त्यांना "तू मिसळत नाहीस" म्हणून हिणवू नका. लांब पोहणं, पहाटेची एकट्याची सायकल, ही त्यांची जागा. सायकलवाल्यांच्या ब्रेव्हे राइड्स घ्या. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ६०० किलोमीटरसाठी ४० तास. आपली पंक्चर आपण काढायची, बाहेरची मदत फक्त ठरलेल्या थांब्यांवर, आणि शेवटी क्रमांक नाहीच. वेळेत पोचलात की पोचलात. स्पर्धेची ॲलर्जी असलेल्या, एकट्यात रमणाऱ्या माणसाला असं काही अस्तित्वात आहे हेच कुणी सांगत नाही. त्याला मॅरेथॉनच्या रांगेत उभं करतात. एकटं जाताना मात्र घरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून जा.

कंटाळेश्वर आणि आरंभशूर

नावीन्याची ओढ असलेल्या माणसाचा सोळा आठवड्यांचा तक्ता पाचव्या आठवड्यात गळतो. मग त्याला वाटतं आपल्यात जिद्द नाही. जिद्द आहे, तक्ता चुकीचा आहे. त्याचं वर्ष ऋतूंप्रमाणे वाटून द्या. पावसाळ्यात घाटरस्त्याची तयारी करून साताऱ्याची हिल मॅरेथॉन, हिवाळ्यात मालवणच्या समुद्रातली पोहण्याची स्पर्धा किंवा रात्रीचा कात्रज ते सिंहगड ट्रेक, उन्हाळ्यात तलाव. प्रत्येक ध्येय सहा-आठ आठवड्यांचं. पथ्य एकच, खेळ बदलला की नव्या खेळात शून्यापासून सुरुवात. हृदय आणि फुप्फुसं जुन्या खेळातून तयार झालेली असतात, पण हाडं आणि कंडरा तयार नसतात. सायकलपटू पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर पळतो आणि महिनाभर लंगडतो, त्याचं कारण हेच.

आरंभशूर वेगळा. एक तारखेला बूट, घड्याळ, गॉगल सगळं खरेदी. पंधरा तारखेला सगळं कपाटात. शिस्तीच्या पट्टीवर ही माणसं खालच्या बाजूला असतात. व्यायाम टिकवण्याशी ज्या गुणाचा संबंध सातत्याने दिसतो, तो नेमका हाच गुण. त्यांना "मोठं स्वप्न बघा" सांगणं निरर्थक आहे. मोठी स्वप्नं त्यांच्याकडे ढिगाने असतात. त्यांचं ध्येय किलोमीटरमध्ये नकोच, दिवसांमध्ये हवं. आठवड्यात तीन दिवस बूट घालून फाटकाबाहेर पडायचं. दहा मिनिटं चाललात तरी दिवस धरला. आणि कोपऱ्यावर कुणीतरी वाट पाहत असेल अशी व्यवस्था करा. स्वतःला दिलेला शब्द ते मोडतात, दुसऱ्याला दिलेला सहसा मोडत नाहीत.

तुम्हाला यातल्या दोन-तीन वर्णनांत स्वतःचा चेहरा दिसला असेल तर उत्तम. डबे नाहीत असं मी आधीच म्हटलंय.

"पण मोठ्या ध्येयाशिवाय माणूस घडत नाही!"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो पोकळ नाही. नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की माणसाची कामगिरी सुधारते, हे लॉक आणि लेथम या संशोधकांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं. पण प्रेरणादायी भाषणांत त्यातलं अर्धंच सांगितलं जातं. ध्येय माणसाने मनापासून स्वीकारलेलं हवं आणि ते पेलण्याची क्षमता त्याच्यात हवी. नवखा असेल तर निकालाच्या ध्येयापेक्षा शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं. म्हणजे "दोन तासांत हाफ" यापेक्षा "चढावर श्वास न फुलता पळायला शिकणं". ग्रुपच्या फोटोसाठी घेतलेलं ध्येय यांतल्या एकाही अटीत बसत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. "डॉक्टर, मग माझा स्वभावच व्यायामाचा नाही!" ही पळवाट मी देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय. त्यात "आळशी स्वभाव वगळून" असं कुठेही लिहिलेलं नाही. व्यायाम करायचा की नाही हे स्वभाव ठरवत नाही. कोणता, कुणाबरोबर आणि कशाच्या मोजमापाने, एवढंच तो ठरवतो.

आणि काही गोष्टींत स्वभावाला अजिबात विचारायचं नाही. पळताना छातीत दुखणं किंवा दाब येणं, चक्कर, शुद्ध हरपणं, नेहमीच्या वेगालाही अचानक दम लागणं, यांतलं काहीही झालं की तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. ताप असताना पळणं बंद. काही विषाणू हृदयाच्या स्नायूंनाही सुजवतात. शर्यतीआधी पेनकिलर नको. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर घाला घालतात. वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर नाव नोंदवण्याआधी तपासणी करा. नोंदवल्यावर नव्हे, कारण पैसे भरले की माणूस डॉक्टरचं ऐकत नाही.

कोच आणि कंपन्यांना

तुमच्याकडे नवा माणूस आला की तुम्ही त्याच्या टी-शर्टचं माप विचारता. त्याने आजवर काय सोडलं आणि का सोडलं, हेही विचारा. पन्नास जणांना एकच तक्ता फॉरवर्ड करणं म्हणजे पन्नास रुग्णांना एकच गोळी देणं. आम्ही तसं केलं तर आमच्यावर खटला होईल. आणि कंपन्यांनी "वेलनेस"च्या नावाखाली पळणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावताना रोज तीन जिने चढून येणाऱ्या कारकुनाकडेही बघावं. पंचवीस वर्षं न चुकता तो करतोय, त्याला एन्ड्युरन्सच म्हणतात.

तुम्हाला, म्हणजे फॉर्म भरायला बसलेल्या वाचकाला, तीन प्रश्न. हे ध्येय मी बोलून दाखवलं नसतं तरी घेतलं असतं का? माझी वेळ कुणालाही कधीच कळणार नाही असं ठरलं, तरी मी पळेन का? आणि शर्यतीनंतरच्या सोमवारी नाही, पण त्यापुढच्या सोमवारी मी पुन्हा बूट घालेन का?

तिन्ही उत्तरं "हो" असतील तर खुशाल बेचाळीस पळा, मी टाळ्या वाजवीन. एक जरी "नाही" असेल तर अंतर कमी करू नका, ध्येयाचा प्रकार बदला. चुकीचं औषध निम्म्या डोसात घेतलं म्हणून बरोबर होत नाही.